मठाच्या इतिहासातली एक दुरुस्ती

आमच्या घरी व्याख्यानाला जायचं ते व्याख्यान ऐकायला नव्हे. पुण्यात दर उन्हाळ्यात वडील मला व्याख्यानमालेला न्यायचे, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक पेन्सिल आणि कागदाचे चार कपटे असायचे. वक्ता बोलत असताना ते त्यावर बारीक अक्षरात काहीतरी टिपत. मला वाटायचं, बाबा सुविचार उतरवून घेतायत. ते चुका उतरवून घेत होते. अध्यक्षांनी ‘कुणाला काही शंका?’ असं विचारायचा अवकाश, बाबा उठायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, “शंका नाही. एक छोटीशी दुरुस्ती आहे.” परतताना आम्ही उसाचा रस प्यायचो आणि बाबा त्या दिवशीच्या वक्त्याला दहापैकी गुण द्यायचे. साडेसहाच्या वर कुणी गेल्याचं मला आठवत नाही.

बाबांची उंची मला मिळाली नाही, त्यांचं सरळ नाकही मिळालं नाही. मिळाली ती ही खोड. कॅनडात आल्यावर तिची फार उपासमार झाली. इथे व्याख्यानं कुठली? मग मी मिळेल त्यावर भागवू लागलो. गणपतीत आरतीच्या कडव्यांचा क्रम चुकला की मी मध्येच थांबवायचो. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी पुरणपोळीची कृती सांगू लागलं की माझी एक छोटीशी दुरुस्ती तयार. हळूहळू असं झालं, की पार्टीला मी कुणाच्या बेसमेंटच्या जिन्यावरून खाली येताना दिसलो की तिथली चार माणसं ‘ग्रोसरी राहिलीय’ म्हणून वर जायची. मुलगी म्हणायची, “बाबा, यू आर डुइंग इट अगेन.” बायको काही म्हणायची नाही, फक्त माझी बाही ओढायची. माझ्या बऱ्याच स्वेटरांची डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे.

फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतात, लव्हालला घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बाईंशी ओळख झाली. वय ऐंशीच्या घरात, एकट्या राहणाऱ्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. मी ड्राइव्हवेतला बर्फ उपसत होतो आणि त्या खिडकीतून पाहत होत्या. पाच मिनिटांनी कोट चढवून बाहेर आल्या आणि खाणाखुणांनी सांगू लागल्या, फावडं असं नाही धरायचं, पाठ नाही, गुडघे वाकवायचे, बर्फ वाऱ्याच्या दिशेने टाकायचा. परक्या देशात इतक्या आपुलकीने माझ्या चुका कुणी काढल्या नव्हत्या. मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

करार ठरला. मी त्यांचाही ड्राइव्हवे साफ करायचा आणि त्यांनी दर शनिवारी सकाळी मला फ्रेंच शिकवायचं. मी त्यांना मादाम म्हणू लागलो आणि अजूनही तेच म्हणतो.

पहिल्या धड्यात त्यांनी सगळे विचारतात तेच विचारलं. कॅनडात का आलात? याचं उत्तर माझ्याकडे तीन भाषांत तयार होतं. “आमची पुण्यातली इमारत पाडली. राहायला काही उरलं नव्हतं. म्हणून आलो.” हे उत्तर फार सोयीचं आहे. ऐकणारा ‘अरेरे’ म्हणतो आणि पुढचं विचारत नाही. मादामनी माझी दोन क्रियापदं सुधारली आणि कॉफी ओतली.

पाठ्यपुस्तकांवर त्यांचा राग होता. ‘मारी दुकानात जाते’ वगैरे वाक्यं त्यांना मूर्खपणाची वाटत. त्यांनी मला त्यांच्या स्वतःच्या वह्यांमधून शिकवलं. अकरा वह्या, जाड पुठ्ठ्याच्या, चाळीस वर्षं लिहीत आणलेल्या. विषय एकच: उत्तर फ्रान्समधल्या, त्यांच्या पूर्वजांच्या गावाशेजारच्या एका मठाचा इतिहास. आज तिथे फक्त एक भिंत आहे, तिच्यात एक उंच कमान आणि कमानीतून दिसणाऱ्या गाई. त्या भिंतीचा फोटो फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता.

याचा परिणाम असा झाला, की चार वर्षांत मी मध्ययुगीन फ्रेंच संन्यासी झालो. नळ गळतो हे मला सांगता येत नसे, पण दशमांश कर, प्रार्थनेची घंटा, मौनव्रत, मत्स्यतळी हे सगळं जिभेवर. विंटर टायर्स लावायला गॅरेजात गेलो तेव्हा मी तिथल्या माणसाला माझ्या चारही चाकांवर अनुग्रह करण्याची नम्र विनंती केली. त्याने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “ऑल फोर?”

पण इतिहास मात्र मला मनापासून आवडला. एका दलदलीच्या खोऱ्यात पांढऱ्या झग्यातले बारा संन्यासी आले. त्यांनी पाणी काढून दिलं, तळी खोदली, मासे पाळले, मेंढ्या पाळल्या, आणि गरिबीचं व्रत इतकं नेटाने पाळलं की शे-दीडशे वर्षांत गडगंज झाले. मोठं चर्च बांधलं. मग लढाया आल्या, इंग्रज शिपायांनी धान्य लुटलं, छपरावरचं शिसं काढून नेलं. ते सावरतंय तोवर राजा मठावर आपल्या मर्जीतला प्रमुख नेमू लागला. हा प्रमुख दरबारात राहायचा, मठात आयुष्यात पाऊल टाकायचा नाही, उत्पन्न तेवढं मागवायचा. शेवटी एवढ्या अवाढव्य वास्तूत सहा-सात म्हातारे संन्यासी उरले, आणि छप्पर कुणी दुरुस्त करायचं यावरून त्यांचे खटले चालू. मी मादामना म्हणालो, हे तर अगदी आमच्या हाउसिंग सोसायटीसारखं. सोसायटी म्हणजे काय ते समजावून सांगण्यात तो शनिवार गेला.

मग क्रांती झाली. संन्याशांना घालवलं, मठ लिलावात काढला, आणि तो एका दगडांच्या व्यापाऱ्याने घेतला. त्याने मठ गाडी-गाडीने विकला. म्हणजे शत्रूने पाडला नाही, वीज पडली नाही. गावातल्या लोकांनीच आपापली घरं, गोठे, विहिरी बांधायला नेला. मादाम म्हणायच्या की त्या गावात डुकरांच्या खोपटालासुद्धा कोरीव खांब आहेत.

या इतिहासाचा शेवट त्या नेहमी एका कौटुंबिक गोष्टीने करायच्या. त्यांचा पहिला पूर्वज, जो जहाजात बसून क्यूबेकला आला, तो त्या गावातला गवंडी. मठाचा मनोरा कोसळताना त्याने पाहिला, तो तीन दिवस जेवला नाही, आणि चौथ्या दिवशी म्हणाला, आता इथे राहून काय करू? ही गोष्ट त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितली होती. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा आणि त्या माझ्याकडे न पाहता फ्रिजवरच्या फोटोकडे पाहायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा कॅल्गरीहून येऊन राहिला. माणूस वाईट नव्हता. आई एकदा स्टोव्ह चालू ठेवून बाहेर गेली होती, फोनवर दोनदा त्याला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली होती. तो घाबरला होता. आईने घर विकून वृद्धांच्या निवासात जावं असं त्याचं म्हणणं. मादामना त्या घरातच राहायचं होतं. खूप वादावादीनंतर त्यांनी मुलाला एक पैज घातली, आणि ती मला शनिवारी कॉफी ढवळत सांगितली.

“ग्रंथालयात माझं मठावर भाषण आहे. चाळीस मिनिटं, हातात कागद न घेता. इतिहासात एकही चूक झाली तर मी स्वतः बॅगा भरीन. नाही झाली तर या घरातून मला कुणी हलवायचं नाही. तो कबूल झालाय.”

“आणि मी काय करू?”

“तुम्ही स्लाइड्स करा. आणि पहिल्या रांगेत गप्प बसा.”

स्लाइड्स करता करता, अकरा वह्यांमधल्या, मी ऐकून टिपलेल्या घटना एकाखाली एक लावल्यावर, माझ्या लक्षात आलं. गवंडी जहाजात बसला तेव्हा फ्रान्सच्या गादीवर राजा होता. मठ पडला तो राजाचं मुंडकं उडाल्यानंतर. दोन्हींत शंभरावर वर्षांचं अंतर. मनोरा कोसळताना त्याने पाहणं शक्यच नव्हतं.

मी ते एका कपट्यावर लिहिलं आणि खिशात ठेवलं. मादामना खासगीत सांगावं असं रोज मनात यायचं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून धीर झाला नाही. एकट्यात सांगायला धीर होत नाही आणि चारचौघांत आपोआप होतो, हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य.

भाषणाला तीसेक माणसं होती. निम्मे त्यांचे जुने विद्यार्थी, तेही आता पांढऱ्या केसांचे. मुलगा तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला. मी पहिल्या रांगेत, शेजारी बायको. हॉलमध्ये शिरतानाच ती म्हणाली होती, “प्लीज, आज हात वर करू नकोस. आय मीन इट.”

मादाम अप्रतिम बोलल्या. संन्यासी, तळी, इंग्रज, दरबारी प्रमुख, खटले, लिलाव, सगळं ओळीने. एकदाही अडखळल्या नाहीत. बाबांनी नऊ दिले असते. शेवटी गवंड्याची गोष्ट सांगितली, आवाज बदलला, मागे कुणीतरी नाक ओढलं. टाळ्या झाल्या. मी मागे वळून पाहिलं तर मुलाच्या हाताची घडी सुटली होती आणि तोही टाळ्या वाजवत होता. त्या जिंकल्या होत्या.

“कुणाला काही प्रश्न?” ग्रंथपाल म्हणाली.

कुणालाच नव्हता. कॅनडात प्रश्न नसले तर लोक समाधानाने कॉफीकडे जातात. मला ती शांतता सहन होईना. इतकं चांगलं भाषण आणि एकही प्रश्न नाही, हा वक्त्याचा अपमान वाटला. निदान एक सोपा प्रश्न विचारावा, त्यांना अजून चमकायची संधी द्यावी, असं मी स्वतःला सांगितलं. हात वर गेला. बायकोने बाही धरली तोवर मी उभा होतो. घसा खाकरला. आणि तोंडातून आलं ते असं: “प्रश्न नाही, मादाम. एक छोटीशी दुरुस्ती आहे.”

पैज मला माहीत होती, तेव्हा ‘मला काय माहीत’ ही सबबही नाही. मी सांगितलं. राजा, मुंडकं, शंभर वर्षं, सगळं. आणखी लाजेची गोष्ट ही, की चार वर्षांत माझं इतकं लांब फ्रेंच वाक्य पहिल्यांदाच एकही चूक न होता बाहेर पडलं, आणि ते संपलं तेव्हा क्षणभर मला अभिमान वाटला.

मादामनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. समोर बसलेल्या पांढऱ्या केसांच्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे,” आणि खुर्चीत बसल्या.

पार्किंग लॉटमध्ये त्यांचा मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने माझा हात हातात घेतला. “थँक यू,” तो म्हणाला. “आय थॉट इट वॉज जस्ट मी.” आई विसरते हे फक्त आपल्यालाच दिसतं, असं त्याला वाटत होतं.

घरी आल्यावर बूट काढताना बायको म्हणाली, “जित्याची खोड...” आणि पुढचं न म्हणताच आत गेली.

पुढच्या शनिवारी जावं की नाही कळेना. गेलो. पॅसेजमध्ये खोकी लागली होती. मादाम वर्तमानपत्रात कप गुंडाळत होत्या. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी माझं एक क्रियापद सुधारलं आणि म्हणाल्या, “मी शब्द दिला होता. चूक निघाली. तुम्ही काढली नसती तर दुसऱ्या कुणी काढली असती.”

दुसरं कुणीही काढणार नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी निघताना त्यांनी वह्यांचं खोकं माझ्या हातात दिलं. “तिथे एकच कपाट मिळतं. या तुमच्याकडे असू द्या. तुम्ही नीट वाचता.”

त्या वाक्यात टोमणा असता तर बरं वाटलं असतं. नव्हता.

रविवारी दुपारी मी त्यांतली सगळ्यात जुनी वही उघडली. आजवर ही पानं त्या मला वाचून दाखवायच्या आणि मी ऐकून टिपून घ्यायचो, वही हातात कधी नव्हती. गवंड्याच्या गोष्टीशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर मादामचंच, पण आताच्या थरथरत्या हाताचं नाही, तरुणपणचं, ठाम.

‘हे शक्य नाही. तो निघाला तेव्हा मठ उभा होता, घंटा वाजत होत्या. पपांना विचारलं. पपा म्हणाले, ते मलाही ठाऊक आहे. पण सगळं धड उभं असताना सोडून आलो, असं कोण सांगेल, पोरी? गोष्ट आहे तशीच ठेवायची.’

मी ते तीनदा वाचलं. माझा शोध चाळीस वर्षं जुना होता. त्यांनी तो लावला होता, तपासला होता आणि झाकून ठेवला होता. मी त्यांचं घर घालवलं ते त्यांनीच केलेल्या दुरुस्तीसाठी.

चपला घालून तसाच बर्फातून पलीकडे पळालो. मुलाने दार उघडलं. मी धापा टाकत म्हणालो, “एक दुरुस्ती आहे.” तो जरा मागे सरला, आणि मी त्याला दोष देत नाही. मी वही पुढे केली. “तुमच्या आईंना सगळं माहीत होतं. त्या विसरल्या नव्हत्या. चूक माझी आहे.”

त्याने दारात उभ्या उभ्याच वाचलं. मग वही घेऊन स्वयंपाकघरात गेला. मी मागे. मादामनी वही पाहिली आणि हातातला कप खाली ठेवला.

“तू तिथेच का नाही सांगितलंस?” त्याने विचारलं.

“तिथे पपांना ओळखणारी माणसं बसली होती,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासमोर पपांना खोटं पाडू? मी विसरले असं वाटलं तर वाटू दे.”

मुलाने एका खोक्याची चिकटपट्टी काढली, तीन कप बाहेर काढले, त्यांच्यावरचे कागद सोडवले आणि नळाखाली धुऊन कॉफी ठेवली. आज वर्ष झालं, मादाम अजून तिथेच आहेत. स्टोव्हला आपोआप बंद होणारं बटण बसवलंय, आणि ड्राइव्हवे मीच साफ करतो, गुडघे वाकवून.

त्या दिवशी कॉफी पिताना मी म्हणालो, “तुम्ही मला तरी सांगायला हवं होतं.”

“तुम्ही मला सांगितलंत?” त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून, धडा घेताना विचारतात तसं विचारलं, “तुम्ही इथे आलात त्याला बारा वर्षं झाली. इमारत पाडली ती मागच्या उन्हाळ्यात, तिचा फोटो तुम्हीच मला याच टेबलावर दाखवलात. तुम्ही निघालात तेव्हा काय पडलं होतं?”

म्हणजे त्यांच्याही खिशात एक कपटा होता. माझ्या नावाचा. त्यांनी तो काढला नव्हता.

“काही नाही,” मी म्हणालो. “सगळं उभं होतं. तिसऱ्या मजल्यावर आईबाबा राहत होते. मला बरी नोकरी मिळाली, म्हणून आलो.”

त्यांनी एकही क्रियापद सुधारलं नाही.

जे त्यांना सांगितलं नाही ते इथे लिहितो. आईबाबा एकदाच लव्हालला आले होते, एका उन्हाळ्यात. त्यांच्यासाठी आम्ही लोकांना जेवायला बोलावलं. कुणीतरी विचारलं, तुम्ही कॅनडात कसे आलात? सवयीने माझं उत्तर निघून गेलं. इमारत पाडली, राहायला काही उरलं नव्हतं. ज्या घराला कुलूप लावून ते दोघं आले होते, त्याची किल्ली आईच्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाबांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्यांनी घसा खाकरला. मी घास हातात धरून थांबलो, कारण त्या माणसाने आयुष्यात कुणाची एक चूक सोडलेली मी पाहिली नव्हती.

“कोशिंबीर छान झालीय,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी वाटी पुढे केली.